गाळ्यातल्या यंत्रासाठी वायर नेमकी कितीची घ्यावी?

मुंबईतल्या मरोळ, साकीनाका, गोरेगाव, विक्रोळी किंवा भांडुपच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या गाळ्यात नवे यंत्र येते, तेव्हा वायरमनला विचारला जाणारा प्रश्न बहुधा एकच असतो: ‘पाच एचपीची मोटर आहे, वायर कितीची लागेल?’ त्यावर ‘अडीचची टाका’ (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची) असे उत्तर तत्काळ मिळते आणि काम सुरू होते. हे उत्तर काही ठिकाणी अगदी बरोबर असते आणि काही ठिकाणी धोक्याचे असते, कारण प्रश्न अर्धाच विचारलेला असतो. वायरची जाडी यंत्रावरून निम्मीच ठरते. ती वायर कोठून जाते, किती लांब जाते, तिच्या पाइपमध्ये आणखी किती वायर आहेत आणि तिच्या मागे कितीचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच) आहे, यांवरून उरलेली निम्मी ठरते. हा दुसरा भाग गाळ्याच्या मालकाला समजला, तर वायरमनशी होणारे त्याचे बोलणे बदलते, आणि पुष्कळदा तांब्यावरचा खर्चही वाचतो.

मीटरनंतरच्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची असते. वीज बेस्टची असो, अदानी इलेक्ट्रिसिटी वा टाटा पॉवरची असो, की मुलुंड-भांडुपकडे महावितरणची असो, या बाबतीत फरक पडत नाही. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते, आणि पुढील माहिती त्याला पर्याय म्हणून दिलेली नाही. त्याने दिलेला आकडा तपासून पाहता यावा, एवढ्यासाठी ती दिली आहे.

वायर का तापते

प्रत्येक वायरला स्वतःचा काही रोध असतो, आणि त्यातून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. म्हणूनच ‘थोडासाच जास्त लोड आहे’ हे म्हणणे फसवे ठरते. प्रवाह वीस टक्क्यांनी वाढला, तर वायरमधील उष्णता सुमारे चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते.

आपल्याकडच्या साध्या पीव्हीसी वायरचे तांबे सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापले तरी आवरण टिकेल, असे गृहीत धरलेले असते. वायरचा अँपिअरचा आकडा म्हणजे हे तापमान गाठेपर्यंत तिला वाहून नेता येणारा प्रवाह होय. त्याहून जास्त प्रवाह नेला म्हणून वायर लगेच पेटत नाही, आणि नेमका याच गोष्टीने माणूस निर्धास्त होतो. आवरण हळूहळू कडक होते, तडकते, आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर दमट हवेत एखाद्या वळणापाशी शॉर्ट सर्किट होते. तोपर्यंत यंत्र व्यवस्थित चाललेले असल्यामुळे वायर बारीक होती, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

वायरच्या गुंडाळीवर एफआर किंवा एफआरएलएस असे लिहिलेले असते. आग लागल्यावर ते आवरण कसे वागेल, ज्वाला किती पसरेल आणि धूर किती होईल, एवढेच त्यावरून कळते. त्यामुळे वायरची प्रवाह वाहण्याची क्षमता वाढते हा समज चुकीचा आहे.

यंत्र किती अँपिअर घेते

पहिली पायरी म्हणजे यंत्राच्या पाटीवर लिहिलेले अँपिअर वाचणे. पाटी पुसली गेली असेल, तर ढोबळ हिशेब करता येतो. ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज पुरवठ्यावर ३ एचपीची मोटर साधारण पावणेपाच ते पाच, ५ एचपीची साडेसात आणि १० एचपीची साधारण साडेचौदा अँपिअर घेते. २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर मात्र २ एचपीचीच मोटर ११ अँपिअरच्या आसपास जाते. त्यामुळे थ्री-फेज जोडणी उपलब्ध असेल, तर मोठे यंत्र सिंगल फेजवर घेण्यात काहीच लाभ नाही.

सुरू होण्याच्या क्षणी मोटर कितीतरी अधिक प्रवाह खेचते. थेट स्टार्टरवर तो नेहमीच्या सहा-सात पट असतो, तर स्टार-डेल्टा स्टार्टरवर (जो मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करतो) त्याच्या सुमारे एक तृतीयांश. हा प्रवाह काही सेकंदच टिकत असल्यामुळे वायर त्याने फारशी तापत नाही, आणि म्हणून वायरची जाडी या आकड्यावरून ठरवायची नसते. एमसीबीचा प्रकार निवडताना आणि लांबच्या अंतरावरील दाबाची, म्हणजे व्होल्टेजची, घट पाहताना मात्र तो विचारात घ्यावा लागतो.

वेल्डिंग मशीनचा हिशेब वेगळा आहे. वेल्डर सलग वेल्डिंग करत नाही. रॉड बदलतो, काम फिरवतो, थांबतो. म्हणून चांगल्या मशीनच्या पाटीवर दोन आकडे असतात: आय-वन-मॅक्स म्हणजे प्रत्यक्ष वेल्डिंग चालू असतानाचा कमाल प्रवाह, आणि आय-वन-इफेक्टिव्ह म्हणजे थांबे धरून वायरला जाणवणारा परिणामी प्रवाह. दुसरा आकडा काढायचा असेल, तर पहिल्या आकड्याला ड्युटी सायकलच्या (एकूण वेळेपैकी प्रत्यक्ष वेल्डिंगच्या वेळेच्या प्रमाणाच्या) वर्गमुळाने गुणतात. ड्युटी सायकल ४० टक्के आणि कमाल प्रवाह ३६ अँपिअर असेल, तर परिणामी प्रवाह साधारण २३ अँपिअर येतो. वायर या २३ वर तापते, पण दाबाची घट ३६ वरच मोजावी लागते. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की वेल्डिंगची वायर एकतर विनाकारण जाड घेतली जाते किंवा फार बारीक.

तक्त्यातला आकडा आणि पत्र्याखालचा आकडा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भिंतीवरच्या कन्ड्यूट पाइपमधून जाणाऱ्या, पीव्हीसी आवरणाच्या तांब्याच्या वायरचे आंतरराष्ट्रीय तक्त्यातील थ्री-फेजसाठीचे आकडे असे आहेत: दीड चौरस मिलिमीटरला १५.५ अँपिअर, अडीचला २१, चारला २८, सहाला ३६, दहाला ५० आणि सोळाला ६८. सिंगल फेजसाठी ते थोडे जास्त आहेत. अडीचला २४, चारला ३२ आणि सहाला ४१. वायर विकणाऱ्यांच्या पत्रकांत यापेक्षा वेगळे आकडे आढळतात, कारण तेथे वायर कशी बसवली जाईल याविषयीची गृहीतके वेगळी असतात. ती गृहीतके वाचल्याशिवाय कोणताही तक्ता वापरू नये.

वरील आकडे दोन अटींवर उभे आहेत: सभोवतालची हवा ३० अंशांची असावी आणि पाइपमध्ये एकच सर्किट असावे. मुंबईतल्या गाळ्यात या दोन्ही अटी क्वचितच पाळल्या जातात. बाहेर तापमान ३३-३४ अंश असताना पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या पत्र्याच्या छपराखाली, विशेषतः माळ्याच्या वरच्या अंगाला, ते सहज ४५ अंशांपर्यंत जाऊ शकते. वायरमन तर बहुधा सगळे पाइप तेथूनच नेतो, कारण तिथे ते कामाच्या आड येत नाहीत.

पीव्हीसी वायरसाठी ३५ अंशांना तक्त्यातील आकडा ०.९४ ने गुणावा लागतो, ४० अंशांना ०.८७ ने, ४५ ला ०.७९ ने आणि ५० ला ०.७१ ने. त्याच पाइपमध्ये दोन सर्किटे असतील तर ०.८ ने, तीन असतील तर ०.७ ने आणि चार असतील तर ०.६५ ने पुन्हा गुणावे लागते, कारण शेजारची वायरही तापत असते आणि कोणालाच उष्णता बाहेर टाकता येत नाही.

पाच एचपीचा कॉम्प्रेसर हे उदाहरण घेऊ. त्याचा प्रवाह साडेसात अँपिअर आहे आणि वर १६ अँपिअरचा एमसीबी बसवायचा आहे. अडीचच्या वायरची तक्त्यातील क्षमता २१ अँपिअर असल्याने सगळे ठीक दिसते. पण पाइप पत्र्याखालून, ४५ अंशांतून, आणखी दोन सर्किटांसोबत नेला तर २१ गुणिले ०.७९ गुणिले ०.७, म्हणजे जेमतेम साडेअकरा अँपिअर उरतात. १६ च्या एमसीबीला ही वायर पुरत नाही. चारची घेतली तरी साडेपंधराच येतात. थेट सहाची घेतल्यावर क्षमता वीसच्या जवळ पोहोचते.

याउलट तोच पाइप भिंतीवर डोक्याच्या उंचीपेक्षा थोडा वर, ३५ अंशांच्या हवेत, कॉम्प्रेसरसाठी स्वतंत्र नेला, तर अडीचच्याच वायरची क्षमता २१ गुणिले ०.९४, म्हणजे सुमारे १९.७ अँपिअर भरते आणि १६ चा एमसीबी तिला निर्धास्तपणे लावता येतो. यंत्र तेच आणि एमसीबीही तोच. फक्त वाट बदलली आणि सहाच्या वायरचे काम अडीचच्या वायरने झाले. म्हणून वायर निवडण्याआधी तिचा मार्ग कागदावर काढणे हे मला सर्वांत महत्त्वाचे काम वाटते. एक जास्तीचा पाइप घेण्याचा खर्च तांब्याच्या दोन पायऱ्या वर चढण्याच्या खर्चापेक्षा बहुतेक वेळा कमी पडतो.

एमसीबी कोणाचे रक्षण करतो

यंत्र वाचवण्यासाठी एमसीबी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो भिंतीतल्या वायरसाठी असतो. मोटरचे रक्षण करण्याचे काम स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचे आहे. नियम असा आहे की यंत्राचा प्रवाह एमसीबीच्या आकड्यापेक्षा जास्त नसावा, आणि एमसीबीचा आकडा वरील सगळे गुणाकार करून उरलेल्या वायरच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावा. ही क्रमवारी बिघडली की वायरचे संरक्षणच नाहीसे होते.

ती बिघडते कशी, हे ठरलेले आहे. कॉम्प्रेसर सुरू करताना १६ चा एमसीबी अधूनमधून पडतो, काम अडते, आणि कोणीतरी तेथे ३२ चा एमसीबी बसवतो. आता एमसीबी पडत नाही, म्हणून तक्रार मिटल्यासारखी वाटते. पण अडीचची वायर ३० अँपिअरवर तासन्‌तास भाजत राहिली तरी तिला अडवणारे कोणी उरलेले नसते. अशा वेळी दुरुस्ती एमसीबीच्या आकड्यात न करता त्याच्या प्रकारात करायची असते. बी प्रकारचा एमसीबी आपल्या आकड्याच्या तीन ते पाच पट प्रवाहावर तत्काळ पडतो, सी प्रकारचा पाच ते दहा पटीवर आणि डी प्रकारचा दहा ते वीस पटीवर. सुरू होताना साधारण ५० अँपिअर खेचणाऱ्या मोटरला १६ चा बी प्रकार अपुरा पडतो. सी प्रकार ८० अँपिअरच्या खाली तत्काळ पडत नाही, म्हणून सहसा चालून जातो, आणि डी प्रकार निश्चितच चालतो. एमसीबीचा आकडा बदलत नसल्यामुळे वायरचे संरक्षणही कायम राहते. डी प्रकार लावताना मात्र अर्थिंग चांगले आहे याची खात्री करावी लागते, कारण तो शॉर्ट सर्किटमध्ये झटकन पडण्यासाठीही जास्त प्रवाह वाहावा लागतो.

ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल, तर मोटरच्या सर्किटमध्ये वायरचेही अतिप्रवाहापासून रक्षण तोच करतो आणि एमसीबी थोडा मोठा चालतो, असे काही जाणकार सांगतात. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे. तरीही रिलेचा स्क्रू फिरवून आकडा वाढवणे फार सोपे असते, आणि उत्पादनाची घाई असलेल्या गाळ्यात तो फिरवला जातो. म्हणून एमसीबीही वायरच्या क्षमतेच्या आतच ठेवावा, असे माझे मत आहे.

अंतराचा हिशेब

वायर तापली नाही तरी ती लांब असेल तर वाटेत व्होल्टेज कमी होते. मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाब दहा टक्क्यांनी घटला तर टॉर्क ८१ टक्क्यांवर येतो. लोड तेवढाच राहिल्यामुळे मोटर जास्त प्रवाह खेचते, तापते, आणि तिचे वाइंडिंग जळाले की दोष मोटरच्या कंपनीला दिला जातो. सर्वसाधारणपणे पुरवठ्याच्या आरंभापासून यंत्रापर्यंतची घट दिव्यांसाठी तीन टक्के आणि इतर उपकरणांसाठी पाच टक्क्यांच्या आत ठेवतात.

हिशेबासाठी वायरचा रोध लागतो. ७० अंशांपर्यंत तापलेल्या तांब्याचा रोध दर किलोमीटरला अडीचच्या वायरसाठी सुमारे ८.९ ओहम, सहासाठी ३.७, दहासाठी २.२ आणि सोळासाठी १.४ असतो. सिंगल फेजमध्ये जाण्यायेण्याचे दोन्ही अंतर धरायचे असते. म्हणजे दोन गुणिले लांबी गुणिले प्रवाह गुणिले रोध, आणि लांबी मीटरमध्ये असेल तर उत्तराला एक हजाराने भागायचे. थ्री-फेजमध्ये दोनऐवजी १.७३ घ्यायचे.

औद्योगिक इमारतींमध्ये मीटरची खोली तळमजल्यावर असते आणि गाळा तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, त्यामुळे फीडर, म्हणजे मीटरपासून गाळ्याच्या बोर्डापर्यंतची मुख्य वायर, ४०-५० मीटर सहज भरतो. समजा, तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात ५ एचपीचा कॉम्प्रेसर, ३ एचपीची लेथ, १ एचपीचे थ्री-फेज ड्रिल आणि वर सांगितलेले ३६ अँपिअरचे सिंगल फेज वेल्डिंग मशीन आहे. थ्री-फेज यंत्रांचा प्रत्येक फेजवरचा प्रवाह सुमारे १४ अँपिअर होतो, आणि ज्या फेजवर वेल्डिंग जोडले आहे तिच्यावर तो ५० पर्यंत जातो. फीडर नेहमी सर्वांत जड फेजवर ठरवायचा असतो. तिन्हींची सरासरी काढून ठरवला तर तो बारीक पडतो.

दहाची वायर घेतली तर ४० अंशांत तिची क्षमता ५० गुणिले ०.८७, म्हणजे साडेत्रेचाळीस अँपिअर होते. ती येथेच कमी पडते. दाबाच्या हिशेबातही ती टिकत नाही. ४५ मीटरच्या फीडरमध्ये वेल्डिंगमुळे साधारण ७ व्होल्ट आणि त्याच फेजवरच्या मोटरमुळे दीड व्होल्ट जातात, शिवाय बोर्डापासून वेल्डिंगपर्यंतच्या १५ मीटर सहाच्या वायरमध्ये आणखी ४ व्होल्ट. एकूण साडेबारा व्होल्ट, म्हणजे २३० च्या साडेपाच टक्क्यांच्या जवळ. फीडर सोळाचा घेतला तर क्षमता ५९ अँपिअर होते, ५० चा मेन एमसीबी नीट बसतो आणि एकूण घट सुमारे चार टक्क्यांवर येते. वेल्डिंगच्या शाखेसाठी ३२ चा सी प्रकारचा एमसीबी (येथे यंत्राचा प्रवाह म्हणून परिणामी २३ अँपिअर धरायचे) आणि सहाची वायर योग्य ठरते, कारण ४० अंशांत स्वतंत्र पाइपमधल्या सहाच्या वायरची क्षमता साधारण साडेपस्तीस अँपिअर आहे, तर चारची २८ वरच थांबते.

येथे एक पर्याय आवर्जून विचारात घेण्यासारखा आहे. दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालणारे तेवढ्याच ताकदीचे वेल्डिंग मशीन घेतले, तर ३६ ऐवजी सुमारे २० अँपिअर लागतात. मग दहाच्याच फीडरमध्ये वेल्डिंगमुळे होणारी घट ४१५ च्या सुमारे एक टक्क्यावर येते आणि सर्वांत जड फेजचा प्रवाह ३५ च्या आत राहतो. यंत्र विकत घेण्याआधी हा हिशेब केला तर तीन मजल्यांच्या फीडरचा खर्च कमी करता येतो. यंत्र गाळ्यात येऊन पडल्यावर तो करून उपयोग नसतो.

मोटर सुरू होतानाची घट याच सूत्राने काढली, तर ती प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, कारण त्या क्षणी पॉवर फॅक्टर खूप कमी असतो. तरीही कॉम्प्रेसर सुरू होताना दिवे ठळकपणे मंदावत असतील, तर फीडर, त्याचे जोड आणि इमारतीकडून येणारे व्होल्टेज या तिन्हींची तपासणी करून घ्यावी.

एक्स्टेंशन बोर्डाबाबत थोडक्यात सांगायचे तर, ग्राइंडर किंवा कटर लांबवर चालवायचा असेल तेव्हा रीळ पूर्ण उलगडावे. गुंडाळलेल्या वायरला उष्णता बाहेर टाकता येत नाही, आणि पाऊण चौरस मिलिमीटरची घरगुती फ्लेक्सिबल वायर या कामासाठी नसते.

न्यूट्रल आणि अर्थ

न्यूट्रल बारीक घेण्याची पद्धत बंद व्हायला हवी. इन्व्हर्टर वेल्डिंग, एलईडी दिवे, संगणक यांसारखी सिंगल फेजवरची इलेक्ट्रॉनिक उपकरणे असे प्रवाह निर्माण करतात, जे तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करण्याऐवजी साचतात. न्यूट्रल किमान फेजइतकीच जाड असावी. तिचा जोड सुटला, तर कमी लोड असलेल्या फेजवरच्या २३० व्होल्टच्या उपकरणांना त्याहून कितीतरी जास्त दाब मिळू शकतो आणि ती एकाच झटक्यात जळतात.

अर्थची वायर फेजच्या वायरइतकीच असावी, हा सोळा चौरस मिलिमीटरपर्यंतचा नियम आहे. सोळाच्या वर पस्तीसपर्यंतच्या फेजसाठी सोळाची आणि त्यापुढे फेजच्या निम्मी जाडी चालते. थ्री-फेज मोटरला एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन अर्थ जोडण्या द्याव्या लागतात, आणि वरच्या मजल्यांवरच्या पुष्कळ गाळ्यांत दुसरी जोडणी दिलेलीच नसते. हातात धरून वापरण्याच्या सर्व उपकरणांच्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा; पावसाळ्यातल्या ओल्या लादीवर हातातल्या ग्राइंडरचे आवरण फुटले, तर माणसाचा जीव त्यानेच वाचतो. एमसीबीकडून हे काम होत नाही, कारण माणसाला घातक ठरणारा प्रवाह त्याच्या दृष्टीने अगदी किरकोळ असतो.

जुनी मापे, ॲल्युमिनियम आणि खरेदी

जुन्या इमारतींतल्या गाळ्यांमध्ये अजूनही ‘तीन-वीस’, ‘सात-बावीस’, ‘सात-वीस’ या मापांच्या वायर सापडतात आणि ज्येष्ठ वायरमन त्याच भाषेत बोलतात. पहिला आकडा तारांची संख्या आणि दुसरा त्यांचा ब्रिटिश गेज असतो. तीन-वीस म्हणजे साधारण दोन चौरस मिलिमीटर, सात-बावीस म्हणजे पावणेतीनच्या आसपास आणि सात-वीस म्हणजे साडेचारच्या थोडे वर. माप पुरेसे असले तरी इतक्या जुन्या वायरचे आवरण नव्या यंत्राचा भार सोसेलच असे धरून चालू नये. आयात केलेल्या यंत्राच्या पुस्तिकेत मात्र अमेरिकन गेज असतो, आणि त्यात आकडा वाढला की वायर बारीक होते. तिथल्या १० नंबरची वायर सुमारे ५.३ चौरस मिलिमीटरची असते, १२ नंबरची ३.३ ची. ‘दहाची वायर लागेल’ हे वाक्य ऐकले की कोणते दहा, हे विचारून घ्यावे.

ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असल्याने दहाच्या तांब्याच्या जागी सोळाचे ॲल्युमिनियम लागते. लांबच्या आर्मर्ड फीडरसाठी ते योग्य आणि स्वस्त आहे. मात्र समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत तांबे आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांवर आवळले, तर तो जोड खराब होतो. तेथे दोन्ही धातूंसाठी बनवलेले लग (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) वापरावे लागतात. ठिणगीचे काळे डाग आणि वितळलेले प्लास्टिक वायरच्या मध्यभागी क्वचितच दिसते. ते एमसीबीच्या तोंडाशी, स्टार्टरच्या स्क्रूपाशी किंवा पट्टीत गुंडाळून केलेल्या जोडापाशी दिसते. बारीक तारांच्या वायरला योग्य मापाचे थिंबल लावून ते क्रिम्पिंगच्या अवजाराने दाबावे, पकडीने चेपू नये. दोन बारीक वायर एकत्र पिळून एका जाड वायरचे काम काढणेही टाळावे, कारण एकीचा जोड ढिला झाला की सगळा प्रवाह दुसरीवर पडतो आणि एमसीबीला ते कळत नाही.

लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, वायर घेताना गुंडाळीच्या खोक्यावर विसंबून न राहता वायरच्या अंगावरची छपाई वाचावी. त्यावर कंपनीचे नाव, माप, आयएस ६९४ (वायरचे भारतीय मानक) आणि आयएसआय चिन्हासोबतचा परवाना क्रमांक असायला हवा. दोन कंपन्यांच्या एकाच मापाच्या, एकाच लांबीच्या गुंडाळ्या वजनाला लावल्या आणि एक ठळकपणे हलकी भरली, तर तिच्यात तांबे कमी असण्याची शंका घ्यावी.

काम पूर्ण झाल्यावर सगळी यंत्रे तासभर नेहमीच्या लोडवर चालवून टाँग टेस्टरने (वायरभोवती पकडून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) प्रत्येक फेजचा आणि न्यूट्रलचा प्रवाह मोजून घ्यावा, आणि यंत्राच्या टर्मिनलवर व्होल्टेज पाहावे. मग पुरवठा बंद करून, तो खरोखर बंद झाल्याचे टेस्टरने तपासून, ठेकेदाराकडून सर्व स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. नवे तांबे पहिल्यांदा तापून थंड झाले की थोडे बसते. मोजलेले आकडे, प्रत्येक सर्किटच्या वायरचे माप आणि एमसीबीचा आकडा यांची नोंद पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी. पुढचे यंत्र येईल, तेव्हा त्या फीडरवर किती अँपिअरची जागा शिल्लक आहे, हे त्या कागदावरून लगेच सांगता येते.